जागल्याची हाक

झोप ही मोठी मानी पाहुणी आहे. बोलावणे धाडले म्हणून ती येत नाही, आणि डोळे लावून वाट पाहणाऱ्याच्या दारात तर ती पाऊलही टाकत नाही. उलट आपण दुसऱ्याच कशात गुंतलो असलो म्हणजे ही बाई मागल्या दाराने केव्हा आत येते आणि उशाशी बसते, ते कळतसुद्धा नाही. माणसाला तिचा हा स्वभाव फार पूर्वीच उमगलेला आहे. म्हणून झोप हवी असली की तो झोपेचा विचार सोडून मनाला काहीतरी चाळा लावून देतो. कुणाचे गाणे ऐकतो, कुणाकडून गोष्ट सांगवून घेतो, नाहीतर पागोळ्यांचा आवाज ऐकत पडून राहतो. हल्ली हे काम त्याने मोबाइलवर सोपवले आहे.

मी राहते ठाण्यात, माजिवड्याला. एके काळी हे भातशेतीचे गाव. त्याचे जुने गावठाण अजून आहे, पण त्याच्या अंगावरून आता तीन हमरस्ते जातात. मुंबईहून येणारा पूर्व द्रुतगती मार्ग, नाशिककडे जाणारा जुना आग्रा रोड आणि घोडबंदरचा रस्ता यांची गाठ आमच्या नाक्याशी पडते. दिवसा शहरात मज्जाव असलेले अवजड ट्रक रात्री मोकळे सुटतात आणि पुलाच्या चढावर गिअर बदलताना असे काही विव्हळतात की निजलेले मूल दचकून उठावे. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा घातलेली आहे. ट्रकवाल्यांनी ते नियम वाचलेले दिसत नाहीत.

अशा या गावात रात्री अकराच्या सुमारास एखाद्या इमारतीचा जिना चढून पाहा. बंद दारांआडून निरनिराळे आवाज झिरपत असतात. एका घरात कौलांवर पाऊस पडतो आहे, दुसऱ्यात तंबोरा अखंड छेडला जातो आहे, तिसऱ्यात आगगाडी रुळांचे सांधे मोजत चालली आहे, तर चौथ्यात कुणी परकी बाई कानाशी येऊन कुजबुजावे तशी कुजबुजते आहे. हे सारे यूट्यूबवरच्या वाहिन्यांचे काम. माणसाला झोपवणे हाच त्यांचा उद्योग. आठ-आठ, दहा-दहा तासांचा पाऊस तिथे फुकट मिळतो. आमच्या शेजारचे एक आजोबा गेल्या श्रावणात ट्रकांच्या आवाजाला कंटाळून खिडक्या घट्ट लावून, मोबाइलवर पाऊस लावून झोपत. बाहेर खराखुरा पाऊस कोसळत होता. मी हसले, तेव्हा ते म्हणाले, “बाई, बाहेरच्या पावसात गाड्या आहेत. माझा पाऊस निवडलेला आहे.” तांदूळ निवडावेत तसा पाऊस निवडून घेण्याचे दिवस आले, हे मात्र खरे.

पण वाचकहो, हे सारे आजचे खूळ आहे असे समजून नाक मुरडण्याचे कारण नाही. या खुळाला मोठी जुनी वंशावळ आहे, आणि ती उलगडून पाहण्यासारखी आहे.

आपल्या चरकाचार्यांनीच सुरुवात करू. आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे देहाचे तीन आधारखांब असे चरकसंहितेत सांगितले आहे. झोप उडालेल्या माणसाने काय करावे याची त्यात एक यादीच आहे. अंगाला तेल लावावे, स्नान करावे, दूधभात खावा हे तर आहेच; पण मनाला रुचतील असे गंध, मनाला रुचतील असे आवाज आणि अंग चेपून घेणे हेही उपाय त्यात सांगितले आहेत. आज राजस्थानातल्या पुष्करच्या बाबा सेन नावाच्या केशकर्तनकाराने गिऱ्हाइकाच्या डोक्याला चंपी केल्याची दृश्ये देशोदेशींचे लोक रात्री पाहतात आणि पाहता पाहता पेंगतात. डोके एकाचे चेपले जाते आणि झोप हजारोंना लागते. चरकाचार्यांना यात नवल वाटले नसते. त्यांच्या यादीतला आवाज आणि त्यांच्या यादीतले चेपणे इथे एकाच ठिकाणी आले आहे एवढेच.

अंगाईचे वय तर मोजता येणार नाही. पण लिहून ठेवलेली एक फार जुनी अंगाई बाबिलोनच्या मातीच्या विटेवर सापडली आहे. ती सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची मानतात. तीत बाळाची समजूत घालताना त्याला दटावलेही आहे : तू रडलास, त्यामुळे घरातल्या देवाची झोपमोड झाली! चार हजार वर्षांत आयांच्या बोलण्यात फारसा फरक पडलेला नाही. आमच्याकडे देवाऐवजी शेजाऱ्यांचे नाव घेतात, इतकेच.

आपल्या पुराणात मदालसेची गोष्ट आहे. मार्कंडेयपुराणातली ही राणी. मुलाला निजवताना ती वेदान्त सांगे. तू शुद्ध आहेस, हा देह तुझा नव्हे, असा तिच्या अंगाईचा आशय. परिणाम असा झाला की तिचे तीन मुलगे एकापाठोपाठ एक विरक्त होऊन निघून गेले. चौथ्याच्या वेळी राजा घाबरला आणि म्हणाला, याला तरी राज्यकारभार शिकव. मग अलर्काला तिने राजधर्म शिकवला आणि तो राजा झाला. गोष्ट पुराणातली असली तरी तिच्यातली मेख ध्यानात ठेवण्याजोगी आहे. डोळा लागता लागता कानात जे पडते ते खोल जाते. त्या वेळी मन दार उघडे टाकून बसलेले असते. हे दार कुणाच्या हवाली करायचे, याचा विचार पुढे करावाच लागणार आहे.

आता जात्याकडे वळू. पिठाच्या गिरण्या गावोगाव येण्याआधी घराघरांत पहाटे जाती फिरत. दळता दळता बायकांनी रचलेल्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव हिंडून जमवल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. त्या ओव्यांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. पण मला इथे ओवीच्या शब्दांपेक्षा तिच्याखालच्या घरघरीबद्दल बोलायचे आहे. दळणारीच्या मांडीवर डोके ठेवून तान्हे मूल निजलेले असे. दगडावर दगड फिरतो आहे, मांडी एका लयीत हलते आहे, वर आईचा आवाज आहे. एवढ्या आवाजात ते मूल झोपत कसे असेल, असे आपल्याला वाटते. खरे म्हणजे ते त्या आवाजामुळेच झोपत असे.

याचा उलगडा आता शास्त्रज्ञांनी केला आहे. झोपेत आपले कान मिटत नाहीत. पापण्यांना दार आहे, कानांना नाही. मेंदू रात्रभर पहारा देत असतो आणि तो दचकतो बदलाला. अखंड चाललेला आवाज कितीही असला तरी त्याची त्याला सवय होते. शांततेत अचानक वाजलेला कर्णा मात्र त्याला उठवतो. अशा वेळी एखादा सम, न थांबणारा आवाज सोबतीला असला म्हणजे अधूनमधून होणारे आवाज त्याच्या पोटात बुडून जातात. लंडनमधल्या डॉक्टरांनी १९९० साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. चाळीस नवजात बालकांचे वीस-वीस असे दोन गट केले. एका गटाला धबधब्यासारखा एकसारखा सरसर आवाज ऐकवला. त्यातली सोळा बालके पाच मिनिटांत झोपली. ज्यांना काहीच ऐकवले नव्हते त्यांतली फक्त पाच झोपली. त्याआधी १९७४ साली हाजिमे मुरूओका या जपानी डॉक्टरांनी तर आईच्या पोटातल्या आवाजाची तबकडीच काढली होती. मूल जन्माला येण्यापूर्वी कित्येक महिने आईच्या रक्ताचा खळखळाट आणि काळजाचे ठोके ऐकत असते. म्हणजे आपली पहिली झोप शांततेतली नव्हतीच. शांत खोली ही मोठ्यांनी काढलेली टूम आहे.

माझी आजी लालबागच्या चाळीत राहिलेली. एका खोलीत दहा-बारा माणसे, ती पाळीपाळीने झोपणारी. पहिल्या पाळीचा माणूस उठला की रात्रपाळीचा त्याच जागेवर अंग टाकी. गिरणीचा भोंगा, नळावरची भांडणे, जिन्यावरच्या चपला अशा गजबजाटात ती माणसे घोरत पडत. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि भोंगे मुके झाले. आजी सांगे, “त्या दिवसांत झोप उडाली ती पैशाच्या काळजीने, हे खरेच; पण भोंगा वाजत नव्हता म्हणूनही उडाली.” भोंगा वाजतो याचा अर्थ जग आपल्या जागी आहे, घरातला माणूस कामावर आहे, उद्या चूल पेटणार आहे. तो थांबला तेव्हा रात्र एकदम मोठी झाली.

आजीच्या या बोलण्यात मला सगळ्या विषयाची किल्ली सापडते. सम आवाज मेंदूला दचकू देत नाही, हे शास्त्र खरेच. पण माणसाला त्याहून अधिक काहीतरी हवे असते. आपण बेसावध होत असताना कुणीतरी सावध आहे, एवढी खात्री त्याला हवी असते.

आपल्या जुन्या गावगाड्यात या खात्रीला नावच होते. रात्री गावाची राखण करणाऱ्याला जागल्या म्हणत. किती नेमका शब्द! इतरांची नावे हाताच्या कामावरून पडली. याचे नाव निव्वळ जागण्यावरून. वेस लागली की त्याची हाक गावभर फिरे. घोंगडी पांघरून पडलेल्या कुणब्याच्या कानावर ती हाक पडे आणि तो कूस बदलून पुन्हा गाढ झोपी जाई. पुण्यात पेशवाईच्या दिवसांत रात्रीची तोफ होई आणि त्यानंतर रस्त्यावर सापडणाऱ्याला कोतवालाची माणसे धरत. तीही एक प्रकारची अंगाईच, पण धाकाची. घाशीराम कोतवालाने त्या धाकाचे काय केले आणि १७९१ साली लोकांनी त्याचे काय केले, ते सर्वश्रुत आहे.

पण जागल्याच्या हाकेची गोडी गाताना तिची किंमत विसरता कामा नये. हे जागणे पुष्कळ गावांत महार समाजाच्या वाट्याला वतन म्हणून आलेले होते. वेशीवर जागायचे, सरकारी टपाल वाहायचे, चोरीचा माग काढायचे. दिवस असो की रात्र असो, बोलावणे आले की जायचे, आणि मोबदला काय तर तुटपुंजी जमीन आणि दारोदार मागून आणायची भाकरी. गाव ज्याच्या जिवावर निर्धास्त झोपत होते त्यालाच गाव वेशीबाहेर ठेवत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात या वतनाविरुद्ध विधेयक आणले. त्यांच्या हयातीत ते काम तडीस गेले नाही. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द झाली. झोपेचा इतिहास लिहायचा तर तो झोपलेल्यांचा लिहून भागत नाही. जागे कोण होते आणि त्यांना काय मिळाले, हेही मांडावे लागते.

देवाच्या दारी मात्र हा हिशेब उलटा मांडलेला दिसतो. देवळांतून रात्री शेजारती होते. देवाला निजवतात आणि पहाटे काकड आरतीने उठवतात. पंढरपूरला विठ्ठलासाठीही असाच पलंग आहे. पण आषाढी-कार्तिकीच्या यात्रा जवळ आल्या की तो पलंग काढून ठेवतात. मंदिर रात्रंदिवस उघडे राहते. देवाच्या पाठीशी लोड देतात, कारण आता त्याला उभ्याउभ्याच दिवस काढायचे आहेत. लाखो माणसे चालून थकून आली आहेत. ती वाळवंटात, मठांत, झाडाखाली निजतील, आणि देव त्यांच्यासाठी जागेल. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, देवाचा शिणवटा घालवतात, आणि मग शेज पुन्हा घातली जाते. थकल्याभागल्यांनी निजावे आणि ज्याच्या हाती सत्ता आहे त्याने जागावे, ही कल्पना ज्या कुणाला प्रथम सुचली त्याला माझा दंडवत आहे.

माणसांतल्या सत्ताधीशांना हे कसे जमावे! त्यांची झोप उडे ती स्वतःच्या काळजीने, आणि तिच्यासाठी जागत ते दुसरेच. योहान सेबास्टिअन बाखची एक प्रसिद्ध रचना १७४१ साली छापली गेली. तिच्याविषयी बाखचे चरित्रकार फोर्केल यांनी १८०२ साली अशी हकिकत दिली आहे की, कैझरलिंग नावाच्या एका सरदाराला रात्र रात्र झोप येत नसे आणि गोल्डबर्ग नावाचा त्याच्या पदरचा तरुण वादक शेजारच्या खोलीत बसून ही रचना वाजवी. हकिकतीच्या खरेपणाविषयी जाणकारांना शंका आहे, पण रचनेला नाव मात्र त्या जागणाऱ्या पोराचे पडले. झोपणारा सरदार इतिहासात पुसट झाला.

आपल्याकडचे असेच एक उदाहरण पंडित ओंकारनाथ ठाकूर यांचे. कुरुंदवाडचे पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांचे हे शिष्य. १९३३ साली ते इटलीत गेले होते. तिथे निद्रानाशाने त्रस्त झालेल्या मुसोलिनीला त्यांनी पूरिया राग ऐकवून झोपवले, अशी आख्यायिका गवय्यांच्या बैठकींतून अजून सांगतात. आख्यायिकाच ती, तिला आख्यायिकेचाच मान द्यावा. पण ती ऐकताना माझ्या मनात येते की, तो हुकूमशहा जरा अधिक झोपला असता तर जगावर उपकार झाले असते.

यानंतर आला रेडिओ, आणि प्रथमच गरिबाच्या उशाशीही गवई येऊन बसला. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती आली. पुढे ट्रान्झिस्टरने रेडिओला भिंतीवरच्या फळीवरून खाली उतरवून उशीशेजारी आणून ठेवले. ‘बेला के फूल’सारखा रात्री उशिराचा कार्यक्रम हलक्या आवाजात ऐकत ज्यांचा डोळा लागला अशी एक अख्खी पिढी आहे. माझे वडील त्यांतलेच. दुधी प्रकाशाचा काटा, गादीवर कलंडलेला ट्रान्झिस्टर आणि निवेदिकेचा तो आवाज. ती जणू एकट्या आपल्याशी बोलते आहे असे प्रत्येकाला वाटे. इंग्लंडात बी.बी.सी. रेडिओवर मध्यरात्रीनंतर दर्यावर्दी लोकांसाठी हवामानाचा अंदाज वाचतात. समुद्राच्या एकेका टापूचे नाव, वाऱ्याची दिशा, दृश्यमानता, बस्स. ज्यांनी जन्मात होडीत पाय टाकला नाही अशी माणसे ते ऐकत झोपी जातात. बाहेर वादळ आहे, पण कुणीतरी त्याच्यावर नजर ठेवून आहे. आपण पांघरुणात आहोत. जागल्याची हाक ती हीच, भाषा तेवढी इंग्रजी.

त्या काळच्या रेडिओचा एक गुण मात्र आज फार आठवतो. रात्री ठराविक वेळी निवेदक शुभरात्री म्हणे आणि सभा संपे. केंद्र स्वतः झोपी जाई. ऐकणाऱ्यालाही त्यामुळे कळे की, आता दिवस मिटला.

यूट्यूब २००५ साली निघाले. आपल्याकडे २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि ते खेड्यापाड्यांत, झोपडीत, रिक्षात पोचले. मग झोपवणाऱ्यांची जत्रा भरली. ही जत्रा कुणी ठरवून भरवली नाही, हे तिच्यातले मोठे गमतीचे अंग आहे. अमेरिकेतले चित्रकार बॉब रॉस यांनी १९८३ ते १९९४ या काळात दूरचित्रवाणीवर चित्रकला शिकवण्याचे ४०३ भाग केले. त्यांना शिकवायची होती चित्रकला. लोक झोपू लागले! हा गृहस्थ पूर्वी हवाई दलात वीस वर्षे होता आणि हाताखालच्यांवर ओरडणे हे त्याच्या नोकरीचाच भाग होते. नोकरी सुटली तेव्हा पुन्हा म्हणून आवाज चढवायचा नाही असे त्याने ठरवले. त्या निश्चयाचे फळ आज जग खात आहे. बॉब रॉस १९९५ साली वारले. त्यांच्या आवाजावर झोपणाऱ्या कितीतरी मुलांचा जन्म त्यानंतरचा आहे. नॉर्वेच्या सरकारी दूरचित्रवाणीने २७ नोव्हेंबर २००९ रोजी बर्गेन ते ऑस्लो हा आगगाडीचा सात तासांहून अधिक लांबीचा प्रवास जसाच्या तसा दाखवला. कथा नाही, नायक नाही. रूळ, बर्फ आणि बोगदे. लोकांनी तो आवडीने पाहिला. १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी जिथे येऊन थांबली त्या ठाण्यातल्या माणसाला आगगाडीच्या आवाजात झोपण्याचे कौतुक कुणी सांगायला नको. कुजबुजीच्या, टिचक्यांच्या, कागदाच्या सळसळीच्या आवाजांनी अंगावर जे सुखाचे शहारे येतात त्यांना २०१० साली जेनिफर अ‍ॅलन नावाच्या अमेरिकन बाईंनी ए.एस.एम.आर. असे शास्त्रीय वाटणारे नाव दिले. शाळेत पुढच्या बाकावरची मैत्रीण आपली वेणी घालत असताना किंवा आई केसांतून फणी फिरवत असताना डोळे का जडावतात, याचेच हे बारसे.

मी ज्या शाळेत शिकवते तिथे एकदा सातवीच्या मुलांना ‘मला झोप कशी लागते’ या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या. उत्तरे वाचून मी थोडी गप्प झाले. पंख्याची कटकट थांबली की जाग येते, असे दोघा-तिघांनी लिहिले होते. एकीची आजी हरिपाठ म्हणते. एकाचे वडील रात्री रिक्षा चालवतात; रिक्षा खाली येऊन बंद झाल्याचा आवाज ऐकल्याशिवाय त्याला झोप लागत नाही. सर्वांत जास्त मुलांनी मोबाइलचे नाव घेतले होते; पाऊस, समुद्र, गोष्टी सांगणारा कुणी दादा. आणि एका मुलीने लिहिले होते : “मी आवाज लावून झोपते, कारण आई दुसऱ्या खोलीत तिचा आवाज लावून झोपते.”

त्या मुलीच्या एका वाक्यात आजच्या काळाची सगळी अडचण आली. पूर्वी एका आवाजावर सारे घर झोपे. आज प्रत्येकाच्या कानात स्वतंत्र पाऊस पडतो. हा पाऊस वाईट नाही. रात्रपाळी करून आलेल्या परिचारिकेला, परगावी एकट्या राहणाऱ्या विद्यार्थ्याला, माजिवड्याच्या नाक्यावर खिडकी असलेल्या म्हाताऱ्याला त्याचा आधार आहे, आणि तो आधार मी काढून घेणार नाही. माझ्या स्वतःच्या कादंबऱ्या उशाशी ठेवून लोक लवकर झोपतात असे मला कळवण्यात आले आहे; तेव्हा या धंद्यातल्यांची निंदा मी कोणत्या तोंडाने करू?

तरी दोन गोष्टी बोलल्यावाचून राहवत नाही. एक मदालसेची. पाऊस संपता संपता मध्येच जाहिरात ओरडते, आणि एक दृश्य संपले की यंत्र आपण होऊन दुसरे पुढे करते. शुभरात्री म्हणणारा निवेदक तिथे नाही. आपल्या जागण्यावर ज्याचा नफा आहे त्याच्याच हाती आपण झोपेची किल्ली दिली आहे. तेव्हा पडदा उलटा ठेवावा, वेळ लावून यंत्र बंद होईल असे करावे, आणि अर्धवट झोपेतल्या कानाचे दार कुणासाठी उघडे आहे ते पाहून मगच डोळा मिटावा. मुलांच्या बाबतीत तर हे पाहावेच.

दुसरी गोष्ट जागल्याची. मोबाइलमधला पाऊस हाक देतो, पण त्या हाकेमागे कुणी जागे नसते. तापाने फणफणलेले मूल रात्री उठले तर तो पाऊस त्याच्या कपाळाला हात लावणार नाही. ते करणारे माणूस लागते. आणि प्रत्येक घरात असे एक माणूस असते. सगळ्यांनी अंग टाकल्यावर गॅसचे बटण पाहणारे, कडी तपासणारे, मुलाच्या अंगावरचे सरकलेले पांघरूण नीट करणारे. गावाने आपल्या जागल्याला काय दिले, ते आपण पाहिले. घराच्या जागल्याची गत त्याहून फार बरी आहे असे छातीवर हात ठेवून किती जण म्हणतील?

आता दिवाळी दारात आहे. नरकचतुर्दशीला अंधार असतानाच आंघोळीचे पाणी तापेल, तेलउटण्याची वाटी पाटाशी येईल, रांगोळी पडेल आणि मग हाक येईल, उठा उठा म्हणून. ते पाणी तापवणारी रात्री किती वाजता टेकली होती, हे साखरझोपेतून उठणाऱ्याला ठाऊक नसते. फराळाचे ताट पुढे ओढून हा अंक चाळणाऱ्या वाचकांना एकच सुचवते. भाऊबीज आटोपली, पाहुणे गेले, घर निवांत झाले की एखाद्या रात्री सगळ्यांचे मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. घरातल्या त्या जागत्या माणसाला सर्वांच्या आधी निजू द्या आणि उशाशी बसून काहीतरी वाचून दाखवा. या अंकातले काहीही चालेल. माझा हा लेखही चालेल. निम्म्यावर डोळा लागला तर लेखिकेला राग येणार नाही. वाचणाऱ्याने मात्र लगेच उठून जाऊ नये. थोडा वेळ तिथेच जागत बसावे.